राष्ट्रीय केंद्राची संघटना आणि तीतील भाषेचे स्थान : एक परीक्षण

सामुदायिक संशोधनाचे मूल्यमापन करताना त्यातून निर्माण झालेले ग्रंथ आणि सिद्धांत यांचाच विचार करण्याची रीत आहे. ते काम करणारी माणसे एकत्र कशी आली, त्यांना कोणी बोलावले, किती काळासाठी बोलावले, आणि काम संपल्यावर कोणाचे नाव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर राहिले व कोणाचे आभारांच्या परिच्छेदात गेले, हे प्रश्न केवळ व्यवस्थापनाचे म्हणून बाजूला ठेवले जातात. वस्तुतः ज्या कामात एकाहून अधिक विद्यापीठे आणि एकाहून अधिक शास्त्रे गुंतलेली असतात, तेथे संघटनेचा प्रश्न हा ज्ञानाचाच प्रश्न असतो. सभेला कोण बसले यावरून सभेत कोणता प्रश्न विचारला जाईल हे बव्हंशी ठरते, आणि जो प्रश्न विचारलाच गेला नाही त्याचे उत्तर कितीही निष्ठावान संशोधकाला सापडणे शक्य नसते. अमेरिकेतील 'नॅशनल सेंटर फॉर जिऑग्राफिक इन्फर्मेशन अँड अ‍ॅनॅलिसिस' या संस्थेचा (यापुढे तिचा निर्देश 'राष्ट्रीय केंद्र' असा केला आहे) इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. या संस्थेने आपल्या अगदी आरंभीच्या कार्यात भाषेचा विषय हाती घेतला होता. त्यामुळे भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास हा इतिहास परका म्हणून सोडून देता येत नाही.

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९८८ साली राष्ट्रीय केंद्राची स्थापना केली. संगणकावर नकाशे साठविण्याची व त्यांचे विश्लेषण करण्याची जी तंत्रे त्या सुमारास झपाट्याने पसरत होती, त्यांच्यामागील मूलभूत प्रश्नांचा शोध घेणारे केंद्र असावे, हा हेतू. हे केंद्र एका ठिकाणी नव्हते. सँटा बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ, बफेलो येथील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठ आणि ओरोनो येथील मेन विद्यापीठ, अशा तीन संस्थांचा तो संघ होता. त्यांपैकी पहिली पॅसिफिकच्या काठी, तर तिसरी खंडाच्या दुसऱ्या टोकाला. अंतरापेक्षाही महत्त्वाचा होता तो शास्त्रभेद. सँटा बार्बरा आणि बफेलो येथे भूगोलाचे विभाग होते. मेन येथे मात्र भूमापन-अभियांत्रिकीचा विभाग होता. भूगोलज्ञ आणि मोजणीदार यांचा हा संसार. सँटा बार्बराचे डेव्हिड सिमोनेट यांचा केंद्राच्या उभारणीत मोठा वाटा होता. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. माइकेल गुडचाइल्ड हे १९८८ मध्येच कॅनडातून सँटा बार्बरास आले होते, आणि केंद्राची धुरा पुढे दीर्घकाळ त्यांच्याकडे राहिली.

केंद्राने आपले काम 'उपक्रमां'मध्ये विभागले, आणि या संघटनेतील खरोखर नवी गोष्ट हीच होय. प्रत्येक उपक्रमास एक क्रमांक, एक विषय आणि एक-दोन प्रमुख असत. आरंभी निवडक तज्ज्ञांची एक छोटी सभा भरे. ही परिषद नव्हे; येथे निबंध वाचून टाळ्या घेण्याचा प्रकार नसे. विषयात काय ज्ञात आहे, काय अज्ञात आहे आणि पुढील दोन-तीन वर्षांत काय साधणे शक्य आहे, याची यादी करणे हे सभेचे काम. तिचा वृत्तांत छापला जाई. मग तिन्ही ठिकाणचे अध्यापक व विद्यार्थी आपापला भाग उचलीत, आणि ठरलेल्या मुदतीनंतर उपक्रम मिटविला जाई. पहिला उपक्रम स्थलविषयक माहितीच्या अचूकतेविषयी होता, दुसरा 'स्थलसंबंधांच्या भाषा' या विषयावर, तिसरा एकाच वस्तूच्या अनेक प्रतिरूपणांविषयी. १९९६ पर्यंत हे क्रमांक विसाच्या पुढे गेले होते. उपक्रम संपविण्याची तरतूद आरंभीच करून ठेवणे हा या रचनेचा मोठा गुण मानला पाहिजे. जे प्रकल्प संपत नाहीत ते कालांतराने कार्यालये होतात. मग संशोधन मागे पडते आणि नोंदवह्या तेवढ्या पुढे चालतात. राष्ट्रीय केंद्राने हा धोका टाळला, याचे श्रेय त्यास द्यावयास हवे.

दुसरा गुण असा की, उपक्रमाचे प्रमुखत्व एका विद्यापीठाच्या मिरासीत राहू दिले गेले नाही. भाषेच्या उपक्रमाचे प्रमुख होते बफेलोचे डेव्हिड मार्क आणि मेनचे अँड्र्यू फ्रँक. फ्रँक यांचे विद्यार्थी मॅक्स एगेनहोफर यांनी १९८९ मध्ये मेन येथे डॉक्टरेट मिळविली आणि पुढील अनेक वर्षे मार्क यांच्याबरोबर संयुक्त लेखन केले. वृत्तांतांतून तीन विद्यापीठांचा संघ दिसतो; प्रत्यक्षात तो संघ अशा दोन-दोन, तीन-तीन माणसांच्या जोड्यांवर उभा होता. एका विद्यापीठातील प्राध्यापक आणि दुसऱ्या विद्यापीठातील नुकताच पदवी घेतलेला तरुण यांच्यात जे सख्य जमते, ते करारपत्राने जमत नाही. केंद्राने त्यास अवसर दिला, इतकेच म्हणता येईल. परंतु तेही थोडे नव्हे.

आता भाषेच्या उपक्रमाकडे वळावयाचे. त्याची तज्ज्ञसभा जानेवारी १९८९ मध्ये सँटा बार्बरा येथे भरली. विषयाचे नाव अनेकवचनी होते, 'भाषा' म्हणजे अनेक भाषा, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. या अनेकवचनात दोन अर्थ दडलेले होते. एक अर्थ माणसांच्या नैसर्गिक भाषांचा. दुसरा संगणकास प्रश्न विचारण्याच्या कृत्रिम भाषांचा आणि गणिताच्या आकारिक भाषांचा. उपक्रमाच्या कर्त्यांना हे दोन्ही अर्थ जुळवून आणावयाचे होते, आणि त्यासाठी त्यांनी भाषाविज्ञानाकडे प्रामाणिकपणे पाहिले. लेनर्ड टाल्मी यांनी १९८३ च्या सुमारास भाषा स्थलाची रचना कशी करते यासंबंधी जे विवेचन केले होते, त्याचा मार्क आणि फ्रँक यांच्या लेखनावर उघड प्रभाव आहे. बफेलो येथील भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड झुबिन यांनी स्थलातील वस्तूंचे चार वर्ग सुचविले : हाताळता येईल एवढी किंवा देहाएवढी वस्तू, देहाहून मोठी परंतु एका दृष्टिक्षेपात मावणारी, नजर फिरवून पाहावी लागणारी दृश्ये, आणि एका ठिकाणाहून मुळीच न दिसणारा प्रदेश. हे वर्गीकरण साधे आहे, आणि नकाशाशास्त्रास त्याची फार गरज होती. कारण नकाशा हा चौथ्या वर्गातील वस्तूस पहिल्या वर्गात आणून बसवितो, म्हणजे अख्खा प्रांत कागदावर आणून हातात देतो. माणूस मात्र त्या प्रांताविषयी बोलताना त्यात उभा राहून बोलतो.

जुलै १९९० मध्ये स्पेनमधील लास नावास देल मार्केस या गावी नाटो संघटनेच्या साहाय्याने सुमारे दोन आठवड्यांचे अध्ययनसत्र झाले. भूगोलज्ञ, अभियंते, मानसशास्त्रज्ञ, भाषाशास्त्रज्ञ यांना एकत्र राहावयास मिळाले. त्यातून निघालेला 'भौगोलिक स्थलाची बोधात्मक व भाषिक अंगे' या विषयावरील ग्रंथ १९९१ मध्ये मार्क आणि फ्रँक यांच्या संपादकत्वाखाली प्रसिद्ध झाला. १९९३ मध्ये एल्बा बेटावर जी परिषद भरली आणि जी त्यानंतर दर दोन वर्षांनी भरत आली, तिची मुळेही याच मेळाव्यांत आहेत. एका क्रमांकित, मुदतबंद उपक्रमातून एक टिकाऊ परंपरा निर्माण झाली, ही गोष्ट केंद्राच्या टीकाकारानेही मान्य केली पाहिजे.

परंतु उपक्रमाचे जे फलित सर्वांत दूर पोहोचले, ते भाषेचे वर्णन नव्हे. ते एक गणित होते. एगेनहोफर आणि त्यांचे सहकारी यांनी अशी मांडणी केली की, कोणत्याही आकृतीस अंतर्भाग, सीमा आणि बाह्यभाग असे तीन घटक मानावेत. दोन आकृत्यांचे तीन-तीन घटक एकमेकांशी ताडून पाहिले की नऊ छेद मिळतात, आणि त्यांपैकी कोणते रिक्त व कोणते अरिक्त यावरून त्या दोहोंमधील संबंध ठरतो. दोन साध्या प्रदेशांमध्ये असे आठ संबंध संभवतात. एक साधी रेषा आणि एक साधा प्रदेश यांमध्ये एकोणीस. मांडणी सुंदर आहे. ती पुढे भौगोलिक माहितीसंचयांच्या प्रमाणकांत शिरली आणि आज जगभर वापरली जाते. मार्क व एगेनहोफर यांनी तिची पारख माणसांवरही केली : एक रस्ता आणि एक उद्यान यांची अनेक रेखाचित्रे दाखवून त्यांचे गट पाडावयास सांगितले, तसेच 'रस्ता उद्यान ओलांडतो' यासारखे इंग्रजी वाक्य कोणत्या चित्रास कितपत लागू पडते हेही विचारले. इंग्रजीखेरीज चिनी आणि जर्मन भाषकही या प्रयोगांत होते. लोकांनी पाडलेले गट गणिती वर्गांशी पुष्कळ प्रमाणात जुळले.

येथे एका मराठी उदाहरणाने या मांडणीची मर्यादा दिसून येईल. 'आमच्या गावावरून एस.टी. जाते' या वाक्यातील 'वरून' घ्या. एस.टी.चा रस्ता गावाच्या मध्यातून गेला तरी हे वाक्य खरे. गावाच्या कडेला लागून गेला तरी खरे. आणि फाटा गावापासून थोडा दूर असला तरी बोलणाऱ्यास ते खोटे वाटत नाही. एकोणीसपैकी परस्परविरुद्ध असे कितीतरी संबंध एकाच प्रत्ययाने सांभाळले. उलट 'तळ्यावरून जाणारी वाट' ही तळ्याच्या कडेने जाते, पाण्यावर चढत नाही. 'पुलावरून जाणारी वाट' पुलावर चढतेच. आणि 'देवळावरून डावीकडे वळा' म्हणणाऱ्यास देवळाला पाय लागावा अशी मुळीच अपेक्षा नसते. प्रत्यय एकच आहे. संबंध ठरतो तो त्या नामाने निर्देशिलेल्या वस्तूचा उपयोग काय, ती चालणाऱ्याला आधार देते की केवळ खूण पुरविते, यावरून. 'पुण्यावरून' की 'पुण्याहून' हा शुद्धाशुद्धतेचा वाद आपल्याकडे पुष्कळ रंगतो; पण तो घालणाऱ्यांनी हा प्रत्यय खूण, मार्ग आणि पृष्ठभाग या तिन्हींची कामे कशी करतो याची चौकशी क्वचितच केली आहे. ते असो. मुद्दा असा की, रेषा आणि प्रदेश यांच्या छेदांचे कोष्टक या 'वरून'ला पकडू शकत नाही, आणि ते कोष्टकाचे अपयशही म्हणता येत नाही. त्याला विचारलेला प्रश्नच निराळा होता. चित्रांचे गट पाडणे आणि भाषेत बोलणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. उद्यान आणि रस्ता यांची चित्रे माणसासमोर ठेवली की नकाशाची दृष्टी आधीच दिलेली असते. चिनी भाषक असो वा जर्मन, तो त्या वेळी वरून पाहतो. मग गट जुळले यात नवल कोणते?

ही उणीव संशोधकांच्या बुद्धीची होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती संघटनेतून आली. दोन-तीन वर्षांच्या मुदतीत एक आकारिक मांडणी सिद्ध करता येते, तपासता येते, प्रसिद्ध करता येते, आणि ती एका विद्यापीठातून दुसऱ्यात जशीच्या तशी नेता येते. एखाद्या भाषेतील स्थलवाचक प्रत्ययांचे वर्णन तेवढ्या मुदतीत होत नाही, आणि झालेच तर ते त्या भाषेपुरते राहते. तीन विद्यापीठांच्या संघास स्वभावतःच तेच ज्ञान प्रिय होते जे प्रवास करू शकते. शिवाय तिन्ही घटकसंस्थांतील जो विभाग संघाचा सभासद होता तो भूगोलाचा किंवा भूमापनाचा. भाषाशास्त्रज्ञ सभेस येत, त्यांचे म्हणणे आदराने ऐकले जाई, वृत्तांतात छापलेही जाई. परंतु उपक्रमाची मुदत, त्याचे विषय आणि त्याची समाप्ती ठरविणाऱ्यांत तो नव्हता. पाहुण्याने पंगतीला काय वाढावे हे ठरवावयाचे नसते. १९९८ मध्ये शरीफ, एगेनहोफर आणि मार्क यांनी रेषा व प्रदेश यांच्या संबंधांवर जो विस्तृत निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच 'इंग्रजी भाषेतील संज्ञा' असा स्पष्ट निर्देश आहे. हा प्रामाणिकपणा स्तुत्य खराच. पण १९८९ मधील अनेकवचनाचे नऊ वर्षांत काय झाले, हेही त्या शीर्षकातून कळते.

भाषा आणि नकाशा यांची सांगड घालणारा बहुविद्यापीठीय संघ ही काही तेव्हाची नवी कल्पना नव्हती. त्याच देशात हान्स कुराथ यांनी १९३१ ते १९३३ या काळात न्यू इंग्लंडच्या भाषिक नकाशासंग्रहासाठी क्षेत्रकार्य करविले. विद्वत्संस्थांच्या अमेरिकन परिषदेचा त्यास आश्रय होता आणि अनेक विद्यापीठांनी हातभार लावला होता. इटली व दक्षिण स्वित्झर्लंडच्या नकाशासंग्रहाचे याकोब युड आणि पाउल शॉयरमायर यांना बोलावून क्षेत्रकार्यकर्त्यांना आधी शिकविण्यात आले. विशेष हे की, १९३९ मध्ये नकाशांबरोबर जी मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली तीत कोणता कार्यकर्ता कोणता स्वर कसा लिहितो, कोणाच्या सवयी कोठे डोकावतात, याची मोकळी चिकित्सा आहे. ऐकणारा माणूस हेच त्या कामाचे मुख्य उपकरण होते आणि त्या उपकरणाचा दोष मोजण्याची लाज कोणास वाटली नाही. राष्ट्रीय केंद्राच्या पहिल्याच उपक्रमाचा विषय माहितीतील चुका हा होता. अंकांतील चुकांविषयी इतकी जागरूकता दाखविणाऱ्या संस्थेने दुसऱ्या उपक्रमात प्रश्न विचारणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेमुळे येणाऱ्या चुकीला तेवढेच महत्त्व दिले असते, तर चित्र कदाचित वेगळे झाले असते.

जाता जाता परिभाषेसंबंधी एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. या शास्त्रातील मूळ इंग्रजी विशेषणास मराठीत 'स्थानिक' म्हणावे तर तो शब्द 'त्या गावचा' या अर्थाने रुळलेला; 'अवकाशीय' म्हणावे तर वाचकाच्या डोळ्यांसमोर उपग्रह येतात. 'स्थलसंबंध' हा शब्द येथे योजिला तो या अडचणीतून वाट काढण्यासाठी.

केंद्राची रचना इतरांसाठी बंद होती असे मात्र नाही, आणि याचा पुरावा त्याच्याच इतिहासात मिळतो. १९९० नंतर अनेक भूगोलज्ञांनी या नव्या तंत्रावर कठोर टीका आरंभिली : ते सत्तेचे साधन आहे, ज्यांच्या जमिनीचा नकाशा होतो त्यांना त्यात वाचा नाही, असा तिचा सूर होता. नोव्हेंबर १९९३ मध्ये फ्रायडे हार्बर येथे तंत्राचे पुरस्कर्ते आणि टीकाकार केंद्राच्याच साहाय्याने समोरासमोर बसले, आणि पुढे 'भौगोलिक माहिती प्रणाली आणि समाज' हा एकोणिसावा उपक्रम उभा राहिला. त्याची सभा १९९६ मध्ये मिनेसोटात झाली. त्याचे प्रमुख ट्रेव्हर हॅरिस व डॅनियल वायनर हे वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे, म्हणजे तीन घटकसंस्थांच्या बाहेरचे. टीकाकाराच्या हाती उपक्रमाची सूत्रे देण्याचे औदार्य सर्वच संस्थांत आढळत नाही. या दोघांनी दक्षिण आफ्रिकेतील कीपरसोल भागात तेथील रहिवाशांचे जमिनीविषयीचे ज्ञान नकाशात आणण्याचे काम सहकाऱ्यांसह केले होते. सभेत जे बोलावयाचे त्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. मग प्रश्न असा उरतो की, समाजाच्या बाबतीत जे घडले ते भाषेच्या बाबतीत का घडले नाही? एक कारण स्पष्ट आहे. सामाजिक टीका भूगोलाच्या घरातूनच उठली होती, आणि तिने भांडण मांडले होते. भाषाविज्ञानाने भांडण मांडले नाही. स्थलाचा विषय आपला आहे, आणि तो आपल्या पद्धतीने, आपल्या मुदतीत व्हावा, असा आग्रह त्याच्या बाजूने धरला गेल्याचे दिसत नाही. बोलावले म्हणून जाणे आणि मागणी करून जाणे यांत अंतर आहे.

केंद्राचा मूळ निधी संपत आला तेव्हा १९९७ च्या सुमारास 'व्हॅरेनियस' या नावाने पुढील प्रकल्प सुरू झाला. त्यात बोधात्मक प्रतिमानांची बाजू मार्क यांच्याकडे, संगणकीय बाजू एगेनहोफर यांच्याकडे आणि माहितीसमाजाची बाजू मिनेसोटाचे एरिक शेपर्ड यांच्याकडे होती. भाषा आता स्वतंत्र शीर्षक उरली नव्हती. ती बोधात्मक प्रतिमानांत सामावली गेली. याच काळात, १९९४-९५ मध्ये, अनेक विद्यापीठांचा एक मोठा संघ स्वतंत्रपणे स्थापन झाला. सभासदत्व विद्यापीठाचे, प्रतिनिधी त्याने पाठवावयाचे, आणि संशोधनाचे अग्रक्रम सर्वांनी मिळून ठरवावयाचे, अशी त्याची धाटणी. त्याच्या २००६ मधील ज्ञानसंहितेचा अभ्यासक्रमांना पुष्कळ उपयोग झाला. परंतु अग्रक्रमांची यादी सर्वांच्या संमतीने करावयाची म्हटली की ती सर्वांना मानवेल अशीच होते, आणि अशा यादीत 'वरून' या प्रत्ययास जागा मिळणे कठीण.

भाषेचे खरे काम पुढे झाले ते संघाबाहेर, आणि ते केले संघातीलच एका माणसाने. २००२ च्या सुमारास मार्क यांनी पर्थ येथील मर्डॉक विद्यापीठाचे अँड्र्यू टर्क यांच्यासह पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा प्रदेशात यिंजिबार्न्डी भाषकांबरोबर भूरूपांच्या नावांचा अभ्यास आरंभिला. तेथे 'वुंडू' म्हणजे पाण्याची वाट. पाणी तीत क्वचितच, मोठ्या पावसानंतर वाहते. 'यिंडा' म्हणजे न आटणारा डोह. इंग्रजीतील नदी वाहत्या पाण्यावाचून नीट उभी राहत नाही. येथे पात्र ही एक वस्तू आणि पाणी ही निराळी वस्तू. कोरड्या ओढ्यालाही ओढाच म्हणणाऱ्या आणि नदी आटली तरी डोहाचे नाव न विसरणाऱ्या मराठी भाषकास हे समजावयास वेळ लागत नाही. या कामाला क्रमांक नव्हता, की दोन-तीन वर्षांची मुदत नव्हती. संशोधक त्याच गावांत पुन्हा पुन्हा गेले, आणि शब्दांचे अर्थ सांगणारे लोक केवळ प्रयोगाचे विषय म्हणून वागविले गेले नाहीत. १९८९ च्या सभेने आखलेले सर्वसामान्य आराखडे येथे फारसे उपयोगी पडले नाहीत. उपयोगी पडला तो सभेने लावलेला प्रश्नाचा छंद.

२०११ साली या विषयावरील 'लँडस्केप इन लँग्वेज' हा ग्रंथ निघाला. त्याचे संपादक चार : मार्क, टर्क, डेव्हिड स्टी आणि निक्लास बुरेनहुल्ट. यांपैकी बुरेनहुल्ट हे भाषाशास्त्रज्ञ आहेत. लास नावास येथील मंडळी २०१० मध्ये त्याच गावी वीस वर्षांनी पुन्हा जमली; त्या मेळाव्याचा ग्रंथ २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर संपादक म्हणून राउबाल, मार्क आणि फ्रँक अशी तीन नावे आहेत, आणि तिघेही भौगोलिक माहितीच्या शास्त्रातील आहेत.